पुण्यात मधपेटी ठेवायचीय? पेटी सगळ्यात शेवटी घ्या

“पेटी कुठे मिळेल हो?” मधमाश्यांचा विषय निघाला की पुण्यात पहिला प्रश्न हाच. दुसरा, “किती मध निघतो?” तिसरा, “चावतात का?” तिन्हींची उत्तरं सोपी आहेत. पण तुमच्या घरापासून किलोमीटरभरात जुलै महिन्यात काय फुललेलं असतं, हे क्वचितच कुणी विचारतं, आणि पेटी टिकणार की नाही ते त्यावरच ठरतं.

माझ्या पाहण्यात नवशिक्यांच्या वसाहती (एका पेटीत राणीसह नांदणाऱ्या सगळ्या माश्या म्हणजे एक वसाहत) रोगाने जेवढ्या जातात त्याहून जास्त उपासमारीने जातात. मे महिन्यात मालक हौसेने शेवटच्या थेंबापर्यंत मध काढून घेतो, जूनमध्ये पाऊस लागतो, फुलोरा आटतो आणि जुलैत एके सकाळी झाकण उघडावं तर आत नुसती पोळी. सातेरी, म्हणजे पेटीत ठेवतात ती आपली देशी माशी, अनामतही न मागता खोली सोडणाऱ्या भाडेकरूसारखी निघून जाते. हे टाळायचं तर कामांचा क्रम बदलायला हवा. पुढचा क्रम पुणे शहर आणि जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. विदर्भात किंवा कोकणात तो जसाच्या तसा चालणार नाही.

१. आधी माशी ओळखा

आपल्याकडे पाच प्रकारच्या माश्या दिसतात आणि लोक सगळ्यांना सरसकट ‘मोहोळ’ म्हणतात. तिथूनच गोंधळ सुरू होतो.

आग्या: पुलाखाली, पाण्याच्या टाकीला, उंच इमारतीच्या छज्जाला लटकणारं मोठं, एकच उघडं पोळं. ही माशी पेटीत राहत नाही. “आमच्या बिल्डिंगला पोळं आहे, तेच पेटीत भरून द्या” असे फोन दर मोसमात येतात; उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. शिवनेरीसारख्या किल्ल्यांवर पर्यटकांवर हल्ल्याच्या बातम्या येतात त्यांत बहुतेकदा हीच माशी असते. परफ्यूम, धूर, दगड, ड्रोन, काहीही तिला पुरतं.

फुलोरी: कुंपणात किंवा झुडपात तळहाताएवढं एकच पोळं. गरीब स्वभावाची, पण हीसुद्धा पेटीत टिकत नाही.

पोया: डंख नसलेली, डासाहून जेमतेम मोठी. भिंतीच्या फटीत मेणाची नळी काढून राहते. मध अगदी थोडा आणि आंबूस. ज्यांच्याकडे फक्त बाल्कनी आहे किंवा घरात लहान मुलं आहेत त्यांनी हिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

सातेरी: आपली देशी माशी. झाडाच्या ढोलीत, दगडी भिंतीत, कधी विजेच्या मीटरच्या पेटीत अंधारात समांतर अनेक पोळी बांधते, म्हणून लाकडी पेटीत राहू शकते. वर्षाला चार-पाच किलो मध मिळाला तर चांगलं झालं म्हणायचं.

मेलिफेरा: युरोपातून आलेली, सातेरीहून थोडी मोठी. १९६०च्या दशकात हिमाचलातल्या नगरोटा बगवान इथे ती भारतात पहिल्यांदा नीट रुजली. मध कितीतरी जास्त देते, पण त्यासाठी पेट्या ट्रकमध्ये घालून फुलोऱ्यामागे फिरवाव्या लागतात. एका जागी ठेवलेल्या दोन पेट्यांवर तो हिशेब बसत नाही, शिवाय माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या वरोआ या बारीक कोळ्याचा त्रास हिला सातेरीपेक्षा फार जास्त होतो.

सातेरी आणि मेलिफेरा लांबून ओळखायची एक खूण सांगतो. गरम दुपारी दारात उभ्या राहून पंखा घालणाऱ्या माश्या बघा. तोंड बाहेर, पाठ पेटीकडे असेल तर सातेरी; तोंड आत असेल तर मेलिफेरा. विकणारा काहीही म्हणो, माश्या खोटं बोलत नाहीत.

पुढचं सगळं सातेरी धरून लिहितो.

२. फुलांचं पंचांग लिहून काढा

एक वही घ्या आणि दर पंधरवड्याला घरापासून, म्हणजे जिथे पेटी ठेवणार तिथून, किलोमीटर-दीड किलोमीटरच्या परिघात पायी फिरा. सातेरीची कामाची हद्द साधारण तेवढीच असते. काय फुललंय, त्यावर माश्या बसतात का, मागच्या पायांवर परागाचे गोळे आहेत का, एवढंच टिपायचं. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

पुण्याचे माश्यांच्या दृष्टीने तीन पट्टे पडतात.

शहरात झाडं आपली साथ देतात. शेवगा, कडुलिंब, जांभूळ, करंज, सोनमोहोर, चिंच यांचा बहर उन्हाळ्याच्या आगेमागे एकामागून एक येतो, त्यामुळे फेब्रुवारी ते मे शहरातली पेटी मजेत असते. कुंपणावरची गुलाबी आइस्क्रीम वेल आणि कुंडीतली तुळस-सब्जा ही त्यावरची चटणी-कोशिंबीर. फसवी झाडंही आहेत. ऑक्टोबरात रस्ताभर सडा घालणारा बूच बघून लोक खूश होतात, पण त्याच्या लांब नळीच्या तळाशी असलेल्या रसापर्यंत मधमाशीची जीभ पोचतच नाही.

पश्चिमेला, मुळशी-मावळ-वेल्ह्याकडे, जंगलाचा फुलोरा: जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट. तो ओळखणारी गिऱ्हाइकं वेगळी असतात. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच सगळीकडे फुलते, तेव्हा तिच्यावर दरवर्षीचा हिशेब मांडू नका. या पट्ट्यात पाऊसही जबर, म्हणून उपासमारीचे महिनेही लांब.

पूर्वेला, पुरंदर-दौंड-बारामती-इंदापूरकडे, पिकांवर मदार: डाळिंब, बियाण्याचा कांदा, सूर्यफूल, तूर, करडई, कोथिंबीर, वेलवर्गीय भाज्या. बियाण्याच्या कांद्याला माश्यांची इतकी गरज असते की शेतकरी स्वतः पेट्या मागतो. इथला धोका फवारणीचा. ती कधी होणार हे आधी कळेल इतपत शेजारच्या बांधाशी संबंध ठेवा. फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर व्हावी अशी विनंती करा. दुपारी होणारच असेल तर आदल्या रात्री पेटीचं दार जाळीने बंद करून, सावली आणि हवा ठेवून दिवसभर माश्या आत ठेवा.

या पट्ट्यात आणखी एक सापळा आहे, गुऱ्हाळ. हाच प्रकार शहरात उन्हाळ्यात रसवंतीगृहापाशी होतो. फुलं कमी असली की माश्या उसाच्या रसावर तुटून पडतात, हजारोंनी कढईत मरतात आणि जो रस पेटीत येतो त्याला मध म्हणता येत नाही. गुऱ्हाळाच्या जवळपास पेटी नकोच.

वहीत जून ते सप्टेंबर ही पानं जवळजवळ कोरी राहिली तर घाबरू नका, बहुतेकांची राहतात. मक्याचा तुरा, काकडी-भोपळ्याची फुलं, ऑगस्टपासून तेरडा, पुढे सोनकी, एवढा आधार असतो. बाकी आपण द्यायचं, ते पुढे येईल.

३. जागा आणि शेजारी

सोसायटीत राहत असाल तर परवानगी लेखी घ्या, सभेच्या इतिवृत्तात नोंद करून. सेक्रेटरी बदलला की तोंडी परवानगी संपते. पत्रात पेट्यांची संख्या, जागा आणि तुमचा संपर्क लिहा, आणि शेजारच्या घरांत कुणाला डंखाची अ‍ॅलर्जी आहे का हे स्वतः जाऊन विचारा. कुणी ‘हो’ म्हणालं तर तिथे पेटी ठेवू नका. यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

तक्रारी डंखांपेक्षा दुसऱ्याच गोष्टींच्या येतात. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर आणि गाड्यांच्या काचांवर बारीक पिवळे ठिपके पडतात. माश्या पेटीत घाण करत नाहीत, बाहेर उडताना करतात. त्यामुळे पेटीचं तोंड वाळत घालायच्या दोऱ्यांकडे किंवा पार्किंगकडे नको. संध्याकाळनंतर गच्चीवरच्या दिव्याकडे माश्या ओढल्या जातात, तेव्हा जवळ दिवा नको. आणि पाणी! तुम्ही ठेवलं नाहीत तर त्या शेजाऱ्यांच्या एसीच्या ठिबकणाऱ्या नळीवर जातील. पसरट थाळीत खडे घालून पाणी पहिल्या दिवसापासून ठेवा. एकदा दुसरीकडची सवय लागली की मोडत नाही.

पेटीचं तोंड पूर्वेला, सकाळचं ऊन मिळेल पण अकरानंतर सावली येईल असं ठेवा. समोर पाच-सहा फुटांवर हिरवी जाळी किंवा उंच कुंड्यांची रांग लावली की माश्या वर उठून जातात आणि माणसांच्या डोक्यावरून उडतात. स्टँड फूट-दीड फूट उंच असावं, चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. वाटी कोरडी पडली की मुंग्या आत शिरल्याच. डासांची धूर फवारणी तुमच्या भागात कधी होते तेही विचारून ठेवा.

गच्ची मिळाली नाही तर गावाकडच्या नातेवाइकांचं शेत बघा. मात्र दर आठ-दहा दिवसांनी तुम्हाला जाता येईल इतक्याच अंतरावर.

४. शिकून घ्या

पुण्याला एक सोय आहे जी बाकी महाराष्ट्राला नाही: गणेशखिंड रस्त्यावरची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था. १९६२ सालापासून ती पुण्यात आहे आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या अखत्यारीत चालते. तिथे छोटे आणि मोठे दोन्ही अभ्यासक्रम असतात. तारखा चौकशी करूनच ठरवा. जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव इथल्या कृषी विज्ञान केंद्रांकडेही विचारता येतं.

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. तिथून जवळच मांघर. २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून ते जाहीर झालं. प्रशिक्षणाआधी एकदा तिकडे जाऊन या. घरोघरी सातेरीच्या पेट्या कशा सांभाळतात ते पाहिलं की पुस्तकी प्रश्न निम्मे होतात.

प्रशिक्षण निवडताना एकच गोष्ट विचारा: “प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पेटी उघडायला मिळेल का?” दिवसभर स्लाइड आणि शेवटी सामूहिक फोटो, असल्या वर्गाला पैसे घालू नका.

राज्य मंडळाच्या मध केंद्र योजनेत साहित्याच्या रूपात ५० टक्के अनुदान आणि ५० टक्के स्वतःची गुंतवणूक, अशी रचना आहे. वैयक्तिक मधपाळासाठी वय १८च्या वर आणि साक्षर असणं, तर केंद्रचालकासाठी वय २१च्या वर, दहावी पास आणि स्वतःच्या, कुटुंबाच्या किंवा भाड्याच्या किमान एक एकर शेतीची अट असते. अर्ज जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांकडे. नव्या वर्षाची जाहिरात वाचून अटी पडताळून घ्या. ही कागदपत्रं आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा:

– आधार कार्ड आणि पासपोर्ट आकाराचे फोटो
– बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
– शिक्षणाचा आणि वयाचा दाखला
– शेती असेल तर सातबारा, भाड्याची असेल तर करारनामा
– लागू असल्यास जातीचं प्रमाणपत्र
– आधी काही प्रशिक्षण घेतलं असेल तर त्याचं प्रमाणपत्र

केंद्र सरकारचं मधुक्रांती हे नोंदणीचं पोर्टल २०२१ मध्ये सुरू झालं. पेट्या वाढवायचा विचार असेल तर त्यावर नोंदणी करा. गच्चीवरच्या एका पेटीसाठी लगेच धावपळ नको. अनुदानासाठी म्हणून पेट्या घेणाऱ्यांच्या रिकाम्या पेट्या गोठ्यात चपला ठेवायला वापरलेल्या पाहिल्या आहेत.

५. साहित्य

जाळीचा बुरखा, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, धूर सोडायचा स्मोकर, पोळी ज्यांत बांधली जातात त्या लाकडी चौकटी सोडवायला पटाशीसारखं हत्यार, मऊ ब्रश, राणीचा पिंजरा, पोळ्याचा पाया म्हणून लावायचे मेणपत्रे, साखरेचा पाक द्यायचं भांडं. पोळ्यातून मध काढायचं मधयंत्र पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, उसनं आणा. हातमोजे असू द्या, पण जाड मोज्यांनी माश्या चिरडतात आणि चिरडलेली माशी बाकीच्यांना बोलावते. डंखाच्या वेळी सुटणारा वास पिकल्या केळ्यासारखा येतो. तो आला की झाकण लावा आणि बाजूला व्हा. पेटी उघडायच्या दिवशी न्याहारीला केळं खाऊ नका, हा जुन्या मधपाळांचा सल्ला थट्टेवारी नेऊ नका.

डंख बसला तर काटा नखाने ताबडतोब खरवडून काढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. सूज आणि आग होणारच. पण श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

६. वसाहत घेताना

दर विचारताना तीन आकडे वेगळे मागा: रिकामी पेटी, माश्यांसह चौकटी आणि साहित्य. ‘सगळं मिळून’ म्हणणाऱ्याच्या भावात नेमकं काय धरलंय ते घरी आल्यावर कळतं.

खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करा, म्हणजे पुढे फुलोरा मिळतो. मे-जूनमध्ये स्वस्तात मिळणारी वसाहत स्वस्त का आहे, ते वर सांगितलंच आहे. पेटी उघडून दिवसाउजेडी बघा. राणी दिसली नाही तरी चालेल, अंडी दिसलीच पाहिजेत: पोळ्यातल्या घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी, एका घरात एकच. एका घरात अनेक अंडी वेडीवाकडी चिकटलेली असतील तर राणी नाही आणि कामकरी माश्या अंडी घालायला लागल्या आहेत. ती वसाहत फुकट मिळाली तरी घेऊ नका.

पिल्लांची पोळी प्रकाशात धरा. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी, घराच्या तळाशी वळलेली असते. झाकण उघडं पडून आत पाण्याच्या पिशवीसारखी, डोकं वर केलेली मेलेली अळी दिसली तर तो थाई सॅकब्रूड हा रोग. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती या विषाणूने जवळजवळ साफ केल्या होत्या. त्यावर प्रतिजैविक औषध चालत नाही. काही घरांच्या टोप्यांना मधोमध बारीक भोक दिसलं तर मात्र दचकू नका. सातेरीच्या नरांच्या घरांना ते असतंच.

“जंगलातून पोळं काढून देतो” म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ढोली फोडून आणलेली वसाहत बहुतेकदा टिकत नाही आणि झाडही जातं.

पेटी रात्री, दार बंद करून आणा. एकदा मांडली की ती दहा-वीस फूट सरकवायची नाही, माश्या जुन्या जागी परततात. हलवायचीच तर रोज फूट-दोन फूट, नाहीतर सरळ तीन-चार किलोमीटर लांब.

७. पाहणी

फुलोऱ्यात दर आठ-दहा दिवसांनी, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, ऊन असताना. दोन-चार फुंकर धूर, एक मिनिट थांबा, मग झाकण. सूर्य पाठीशी घ्या म्हणजे अंडी दिसतात. काम पाच-सात मिनिटांत आटपा. अंडी आहेत का, खायला आहे का, पोळी खाणाऱ्या मेणकिड्याची जाळी आहे का, पोळ्याच्या खालच्या काठाला शेंगदाण्यासारखी राणीघरं लोंबताहेत का, हे चारच प्रश्न. राणीघरं दिसली तर वसाहत दुभंगायच्या, म्हणजे जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन बाहेर पडायच्या तयारीत आहे. जागा वाढवा किंवा जाणकाराला बोलावून विभागणी करा. दिसतील तितकी राणीघरं मोडत सुटायची सवय मात्र लावून घेऊ नका. जुनी राणी आधीच गेली असेल तर उरलेली आशा तीच असते.

सतत उघडून बघायचा मोह होतो. सातेरीला ते अजिबात आवडत नाही आणि तिच्याकडे निघून जायचा पर्याय असतो.

८. पावसाळा

खरी परीक्षा इथे आहे. तयारी मे महिन्यातच सुरू करा.

पेटीच्या वरच्या कप्प्यातला, म्हणजे मधाच्या कोठ्यातला मध काढलात तरी खालच्या, पिल्लांच्या कोठ्यातल्या पोळ्यांच्या वरच्या पट्टीतल्या मधाला हात लावायचा नाही. तो त्यांचा आहे. जूनच्या पहिल्या सरीनंतर वरचा रिकामा कोठा उतरवा. माश्या झाकू शकतील तेवढीच पोळी आत ठेवा. माश्यांवाचून उघडं राहिलेलं प्रत्येक पोळं मेणकिड्याला आमंत्रण आहे. काढलेली पोळी हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन-तीन दिवस ठेवली की किड्याची अंडी मरतात. घरच्यांशी त्यावरून होणाऱ्या संवादाची तयारी ठेवा. जुनी काळी पोळी वितळवून मेण करा. तळपाट दर आठवड्याला खरवडून पुसा, कारण किड्याची सुरुवात तिथल्या कचऱ्यातून होते. दार अरुंद करा, पेटीला पुढच्या बाजूला किंचित उतार द्या म्हणजे पाणी आत साचत नाही, आणि वर पत्रा टाकून त्यावर दगड ठेवा. आषाढातला वारा पेट्या पाडतो.

आता पाक. साखर आणि पाणी समभाग, उकळून पूर्ण गार करून, संध्याकाळी, पेटीच्या आत. एका रात्रीत संपेल एवढाच द्यायचा आणि वर काड्या तरंगत ठेवायच्या म्हणजे माश्या बुडत नाहीत. बाहेर थेंबही सांडू देऊ नका. एका पेटीचा वास दुसरीला लागला की लुटालूट सुरू होते आणि कमजोर वसाहत एका दुपारीत संपते. एकाहून जास्त पेट्या असतील तर सगळ्यांना एकाच संध्याकाळी द्या. गूळ नको, माश्यांचं पोट बिघडतं. बाजारातला मध तर अजिबात नको, त्यातून रोग येतात. आणि वरचा कोठा चढवलेला असताना पाक देऊन तोच मध म्हणून विकणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही.

उघडीप मिळाली की दारात उभं राहून बघा. पराग घेऊन माश्या येताहेत म्हणजे आत पिल्लं आहेत. दोन-तीन कोरड्या दिवसांत पराग मुळीच आला नाही, ये-जा मंदावली, तर झाकण उघडा. अंडी थांबली, पिल्लं संपत आली आणि मधही नाही, ही निघून जाण्याची पूर्वतयारी. तेव्हा पाक वाढवा आणि शक्य असेल तर दुसऱ्या निरोगी पेटीतली पिल्लांची एक चौकट द्या. पिल्लं टाकून सातेरी सहसा जात नाही.

पावसाळा सरता सरता गांधीलमाश्या दारात घिरट्या घालतात, थंडीत वेडा राघू तारेवर बसून येता-जाता माश्या टिपतो. गांधीलमाशीसाठी दार आणखी अरुंद करा आणि तिचं घरटं शोधा. राघूला काही करू नका, तो आठवडाभरात पुढे सरकतो.

९. मध

पोळ्यातली किमान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय चौकट काढू नका. उघड्या घरांतला मध पातळ असतो आणि बाटलीत आंबतो. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. यंत्राने काढा, पोळं पिळू नका. मलमलीतून गाळा, स्टीलच्या भांड्यात दोन दिवस स्थिर ठेवून वरचा फेस काढा, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. तापवायचा नाही.

विकायचा असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाला साधी नोंदणी पुरते, ती अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर होते. लेबलवर वजन, भरल्याची तारीख, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. एक ओळ मी आवर्जून लिहायला सांगतो: ‘एक वर्षाखालील बाळांना देऊ नये.’ बारशाला मध चाटवायची पद्धत आपल्याकडे आहे, पण मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

१०. माहिती घेताना आणि देताना

व्हॉट्सअ‍ॅपवर मधमाश्यांबद्दल जेवढं फिरतं तेवढ्याने कोणाची पेटी जगली नाही. ‘माश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल’ हे आइन्स्टाइनचं म्हणून फिरणारं वाक्य त्याने म्हटल्याचा पुरावा नाही. काडी पेटवून, पाण्यात थेंब टाकून, कुत्र्यासमोर ठेवून मधाची शुद्धता कळत नाही. आजची भेसळ प्रयोगशाळेलाही सहज सापडत नाही. गोठलेला मध म्हणजे साखर, हाही गैरसमज. सूर्यफुलाचा मध तर पाहता पाहता गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

व्हिडिओ बघताना आधी माशी आणि प्रदेश बघा. हिंदीतले बहुतेक व्हिडिओ पंजाब-राजस्थानातल्या मोहरीवरच्या मेलिफेराचे असतात, इंग्रजीतले बर्फातल्या पेट्यांचे. त्यातलं वेळापत्रक पुण्याच्या सातेरीला लावलं तर जानेवारीत करायचं काम तुम्ही जुलैत कराल.

कुणाला मदत मागताना ‘माश्या मरताहेत, काय करू?’ एवढंच लिहू नका. हे लिहा: माशी कोणती, तालुका कोणता, तारीख, पाऊस आहे का, शेवटचा पाक कधी दिला, आसपास फवारणी झाली का, अंडी दिसतात का. सोबत पिल्लांच्या पोळ्याचा उजेडातला एक स्पष्ट फोटो आणि दाराशी पडलेल्या मेलेल्या माश्यांचा जवळून एक. जीभ बाहेर काढून मेलेल्या माश्यांचा खच एकाच दिवसात पडला असेल तर पहिला संशय कीटकनाशकावर. रोज थोड्या थोड्या मरत असतील तर शोध वेगळ्या दिशेने.

तुमच्या नोंदीही पुढे पाठवा. ‘यंदा मुळशीत जांभूळ पंधरा दिवस आधी फुलला’ ही बातमी तुमच्या शेजारच्या तालुक्यातल्या मधपाळाला कुठल्याही लेखापेक्षा उपयोगी आहे. नोंद करताना ऐकलेलं आणि स्वतः पाहिलेलं वेगळं लिहा. ठिकाण मात्र तालुक्यापर्यंतच सांगा आणि फोटोतलं लोकेशन बंद करा. आडरानातल्या भरलेल्या पेट्या रात्रीत उचलल्या जातात. पेटीच्या आतल्या बाजूला, चौकटींवरही, तापलेल्या सळईने स्वतःची खूण करून ठेवा. बाहेरचा रंग बदलायला चोराला अर्धा तास पुरतो.